दूर्वा की हरळी? तंजावरच्या मातीत तणाचा इतिहास



तंजावरला गेलेला मराठी माणूस दोन ठिकाणी हमखास जातो. एक म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. दुसरं बृहदीश्वराचं देऊळ. देवळात गेलं की तो 1803 सालचा मराठी शिलालेख शोधतो. दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास तिथं प्राकाराच्या भिंतीवर कोरून घेतला. तमिळ मुलखात देवनागरी अक्षरं दिसली की ऊर भरून येतो, फोटो निघतात, आणि आपण बाहेर पडतो.

आज आपण भिंतीकडे न बघता वर शिखराकडे बघू. राजराज चोळानं 1010 साली पूर्ण केलेलं हे देऊळ. अशा जुन्या दगडी इमारतींचा एक कायमचा शत्रू असतो, आणि तो म्हणजे पिंपळ. पक्षी फळ खातो, शिखरावर बसतो, त्याच्या विष्ठेतून बी दगडाच्या सांध्यात पडतं. पावसाळ्यात रोप येतं, त्याची मुळं सांध्यात शिरतात आणि काही वर्षांत दगड सरकायला लागतो. म्हणून पुरातत्त्व खात्याला जुन्या वास्तूंवरची अशी रोपं सतत काढत राहावी लागतात. आता गंमत बघा. हाच पिंपळ खाली पारावर असेल, तर त्याला प्रदक्षिणा घालतात आणि त्याची फांदी तोडायलाही माणूस घाबरतो. झाड तेच, बी तेच. जमिनीवर तो देव आहे आणि पन्नास मीटर वर गेला की तण.

मग तण म्हणजे नक्की काय? शेतीच्या पुस्तकात सोपी व्याख्या असते: नको त्या जागी उगवलेली वनस्पती. व्याख्या बरोबर आहे, पण ती अर्धीच आहे. ‘नको’ म्हणजे कुणाला नको? हे कोण ठरवतं, आणि ठरवण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? हा प्रश्न वनस्पतीशास्त्राचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे. तंजावर त्याचं उत्तर शोधायला फार चांगली जागा आहे, कारण कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात दोन हजार वर्षं भात लावला जातोय, आणि जिथं भात आहे तिथं तण आहेच.

एकच गवत, दोन नावं

आधी आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. गणपतीला आपण दूर्वा वाहतो. एकवीस दूर्वांची जुडी, तीन पात्यांची कोवळी दूर्वा, सगळं कसं निगुतीनं. आणि शेतकऱ्याला विचारा की शेतातला सगळ्यात चिवट वैरी कोण, तर तो म्हणेल हरळी. नांगरली तरी येते, खणली तरी येते, कांडीचा एक तुकडा राहिला तरी पुन्हा पसरते. हरळी आणि दूर्वा हे एकच गवत आहे. वनस्पतीशास्त्रात त्याला एकच नाव आहे, मराठीत मात्र दोन. ताम्हनात ठेवलं की दूर्वा, वाफ्यात दिसलं की हरळी. तमिळमध्ये हे गवत अरुगम्पुल. तिथंही ते पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीलाच, वाहतात, आणि त्याचा रस औषध म्हणून पितात.

1977 साली लिरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या शेतीचा अभ्यास करून एक जाडजूड पुस्तक काढलं. विषय होता जगातली सगळ्यात वाईट तणं. त्यात क्रमवारी लावली होती. पहिला नंबर नागरमोथ्याचा, म्हणजे आयुर्वेदातल्या मुस्तेचा. दुसरा नंबर हरळीचा, म्हणजे आपल्या दूर्वांचा. तिसरं आणि चौथं भाताच्या खाचरात येणारी दोन गवतं. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत. आठवी जलपर्णी. आणि नववी न् दहावी कोण असतील? घोळ आणि चाकवत! आपण ज्याची ताकातली पातळ भाजी करतो तो चाकवत, आणि डाळ घालून करतो ती घोळ. जगातल्या दहा महाभयंकर तणांपैकी दोन आपण पोळीबरोबर खातो, एक औषधाला वापरतो आणि एक देवाला वाहतो.

त्या यादीत चूक काही नाही. ती यादी शेताच्या बाजूनं केलेली आहे. स्वयंपाकघराच्या किंवा देवघराच्या बाजूनं केली असती, तर वेगळी झाली असती. गणपतीच्या एकवीस पत्रींत आघाडा, धोतरा, माका, रुई, डोरली अशी नावं येतात. ही बहुतेक बांधावर, उकिरड्याकडेला आणि पडीक जागेत आपोआप उगवणारी झाडं आहेत. भाद्रपदात सगळीकडे तण माजलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच आपण ते वेचून देवापुढे ठेवतो.

देव नको म्हणत नाही

हा विचार तमिळमध्ये फार जुना आहे. संगम काळातला कपिलर नावाचा मोठा कवी. पुरनानूरु या संग्रहात त्याची एक कविता आहे. तिचा आशय असा, की फूल चांगलं असो वा वाईट, अगदी रुईचं असलं तरी, भक्तानं वाहिलं तर देव ते नको म्हणत नाही. कपिलर हे आपल्या आश्रयदात्याच्या, पारीच्या, औदार्याबद्दल सांगतोय. पण त्यातून आपल्याला एक गोष्ट कळते. रुई हे हलकं फूल आहे, हे तेव्हाही लोक मानत होते. आणि त्या मानण्यावर एका कवीनं प्रश्न उभा केला होता.

आणखी एक उदाहरण तुंबईचं. आपण हिला तुंबा किंवा द्रोणपुष्पी म्हणतो. पावसाळ्यानंतर कुठल्याही शेतात आणि रस्त्याकडेला ही पांढऱ्या बारीक फुलांची रोपं दिसतात. शेतकऱ्याच्या लेखी ती तण आहेत. पण संगम काळात दोन सैन्यं समोरासमोर भिडायची, तेव्हा वीर तुंबईची माळ घालत. त्या प्रकारच्या युद्धाचं आणि युद्धकाव्याचं नावच तुंबई. म्हणजे मरणाला सामोरं जाताना राजानं गळ्यात घातलेली माळ शेतातल्या तणाची होती.

तिसरं उदाहरण कळलावीचं. कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी ही वेल. तिचा कंद विषारी असतो, म्हणून आपल्याकडे तिचं नाव घेतानाही लोक जरा बिचकतात. तमिळमध्ये ती कांदळ, आणि तीच आज तमिळनाडूचं राज्यफूल आहे. एवढंच नाही, तिच्या बियांपासून संधिवातावरचं औषध मिळतं म्हणून तमिळनाडूत तिची रीतसर शेती होते. कुंपणावरचं विष आधी कवितेत आलं, मग सरकारी राजपत्रात, मग बाजारात.

पण याच भाषेत दुसरी बाजूही आहे. तिरुक्कुरळमध्ये वळ्ळुवर राजाला सांगतात, की क्रूर खुन्यांना देहदंड देणं हे कोवळ्या पिकातलं तण काढण्यासारखंच आहे. साने गुरुजी तिरुच्चिरापल्लीच्या तुरुंगात असताना तमिळ शिकले आणि कुरळ त्यांनी मराठीत आणलं. तंजावरहून हा गाव साठ किलोमीटरच्याही आत. राज्य म्हणजे शेत, प्रजा म्हणजे पीक आणि गुन्हेगार म्हणजे तण ही उपमा दिसायला साधी आहे, पण ती तितकीच धोक्याची आहे. तण कोणतं हे ठरवणारा राजा शहाणा असेल तर ठीक. नसेल तर? विसाव्या शतकात जगात कितीतरी सत्ताधाऱ्यांनी माणसांनाच तण म्हटलं आणि मग उपटायला सुरुवात केली. म्हणून ‘तण’ हा शब्द वापरणाऱ्याला आधी विचारायचं असतं: शेत कुणाचं?

जाता जाता एक शब्दाची गंमत. तमिळमध्ये तणाला कळै म्हणतात. आणि चेहऱ्यावरच्या तेजालाही कळैच म्हणतात. हा दुसरा कळै संस्कृत कला शब्दावरून आलाय, म्हणजे आपण तोंडावरची कळा म्हणतो तीच. शब्द वेगळे, कुळं वेगळी, पण कानाला एकच. तणाला आणि सौंदर्याला एकच उच्चार, हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण आपल्या विषयाला चांगलं शोभतं.

खाचरातली नजर

आता प्रत्यक्ष शेतात उतरू. भाताच्या खाचरात पाणी का साठवतात? बहुतेकांना वाटतं की भाताला खूप पाणी लागतं म्हणून. खरं म्हणजे भात पाण्यात उभा राहू शकतो आणि बहुतेक तणं उगवताना राहू शकत नाहीत, हे पाणी साठवण्याचं एक मोठं कारण आहे. रोपं आधी वाफ्यात वाढवायची आणि मग पाण्यात लावायची, म्हणजे भात हातभर पुढे असतो आणि तणाचं बी पाण्याखाली गुदमरतं. या अर्थानं पाणी हे सगळ्यात जुनं तणनाशक आहे. कावेरीवरचं कल्लणै धरण परंपरेनं करिकाल चोळाचं मानतात. त्यानं नुसती जमीन भिजवली नाही, तर कुठलं रोप जगणार आणि कुठलं मरणार हेही ठरवलं.

तरीही काही तणं पाण्याला पुरून उरतात. त्या यादीतलं तिसऱ्या नंबरचं गवत घ्या. फुलोरा येईपर्यंत ते हुबेहूब भातासारखं दिसतं. हे आपोआप झालेलं नाही. शतकानुशतकं माणसांनी हातानं तण काढलं. जे रोप भातापेक्षा वेगळं दिसलं ते उपटलं गेलं आणि जे भातासारखं दिसलं ते सुटलं. सुटलेल्याचं बी पुढच्या हंगामात आलं. अशा हजारो निवडींनंतर तण भाताचा वेश घेऊन उभं राहिलं. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांच्या नावानं ही नक्कल ओळखली जाते. त्यांनीच दाखवलं होतं, की राय हे धान्य मुळात गव्हातलं तण होतं. थंड मुलखात गहू हरला आणि ते तण पीक झालं. आपल्या खाचरातल्या गवताच्या कुळातही असंच घडलंय. यादीत चौथ्या नंबरवर जे गवत आहे, त्याच्याच पोटातून माणसानं एक धान्य घडवलं. तमिळनाडूत त्याला कुदिरैवाली म्हणतात आणि आज आरोग्याच्या नावाखाली ते शहरांत महाग विकलं जातं.

तण भाताचा वेश घेतं, मग ते ओळखतं कोण? निंदणारी बाई. कुणी भांगलण म्हणतं, कुणी निंदणी, कुणी खुरपणी, कोकणात बेणणी. शब्द बदलतात, पण हे काम बहुतेक ठिकाणी बाईच्याच वाट्याला आलंय. पात्याच्या बुडाशी भाताला एक पातळ पापुद्र्यासारखी जीभ असते, या गवताला ती नसते. गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून, चालता चालता हा फरक टिपायचा आणि हात मारायचा. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवली जात नव्हती.

आणि तिच्या हाताला फक्त उपटणं माहीत नव्हतं. उपटलेल्याची ती वाटणी करी. काही गुरांना. काही चिखलात परत दाबायचं, खत म्हणून. काही ओटीत, घरच्या भांड्यासाठी. माका, म्हणजे तमिळमधली करिसलांकण्णी, घोळ, ब्राह्मी, पुनर्नवा या सगळ्या खाचराच्या आणि बांधाच्या भाज्या आहेत आणि औषधंही. मजुरीच्या धान्यावर पोट भरत नसे, तेव्हा बांधावरच्या पाल्यानं त्या घरांना हात दिला. जमीनदाराच्या लेखी जे तण होतं, ते मजुराच्या लेखी कालवण होतं.

इथं एक कडू गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्यांना या मातीतलं प्रत्येक रोप नावानिशी माहीत होतं, त्यांच्या नावावर मातीचा तुकडा नव्हता. तंजावरची भातशेती पिढ्यान्पिढ्या दलित शेतमजुरांच्या, पण्णैयाळांच्या श्रमावर उभी होती. त्यांच्या संरक्षणासाठी 1952 साली तंजावरपुरता खास कायदा करावा लागला. तरीही 25 डिसेंबर 1968 रोजी, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात, मजुरीवरून पेटलेल्या संघर्षात 44 माणसांना एका झोपडीत जिवंत जाळण्यात आलं. त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. शेत कुणाचं, हा प्रश्न मघाशी विचारला तो शब्दांचा खेळ म्हणून नव्हे.

राजवाडा आणि वनस्पतीचा कागद

शेतातून आता राजवाड्यात जाऊ. व्यंकोजी राजांनी 1670च्या दशकात तंजावर घेतलं आणि भोसल्यांची गादी तिथं बसली. सव्वाशे वर्षांनी, 1798 साली, दुसरे सरफोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी तह झाला आणि राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजांकडे राहिला किल्ला आणि त्याच्या आसपासचा भाग, ठरलेली वार्षिक रक्कम आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

आता दोन नजरा शेजारी ठेवून बघा. कंपनीचा कलेक्टर शेताकडे बघतो तेव्हा त्याला महसूल दिसतो. त्याच्या हिशेबात भात आहे, बाकीचं सगळं वजा. आणि ज्याच्या हातून राज्य गेलंय तो राजा त्याच मुलखातली पानं-मुळं गोळा करून घेतोय. सरफोजींच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे लोक एकत्र काम करत. रोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात. उपयोगी ठरलेली औषधं नंतर तमिळ पद्यात बांधली गेली आणि सरफोजींच्या शरभेंद्र या नावानं ती ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ म्हणून ओळखली जातात. सरस्वती महालानं ती पुढे छापली. औषधी वनस्पतींची चित्रंही राजांनी हातानं रंगवून घेतली.

या वैद्यकाचा कच्चा माल कुठून येई? आयुर्वेद घ्या की सिद्ध, त्यातली कितीतरी रोजच्या वापरातली नावं बांधावरचीच आहेत: आघाडा, माका, पुनर्नवा, नागरमोथा, भुईआवळी. शेतातून जे बाहेर फेकलं जातं ते वैद्याच्या खलात येतं.

याच काळात तंजावरहून शंभरेक किलोमीटरवर, समुद्रकाठच्या तरंगंबाडीत, डॅनिश लोकांची वसाहत होती. 1768 साली तिथं योहान कोनिग नावाचा वैद्य आला. तो लिनियसचा शिष्य. वनस्पतींना दोन शब्दांचं शास्त्रीय नाव देण्याची पद्धत रूढ केली तो हा लिनियस. कोनिग आणि त्याच्यानंतर रॉटलर, क्लाइन वगैरे मिशनरी मंडळी कावेरीच्या मुलखात फिरून रोपं गोळा करत, कागदावर दाबून सुकवत, चिठ्ठी लावून युरोपात पाठवत. सरफोजींचे गुरू श्वार्ट्झ हेही याच तरंगंबाडीच्या मिशनमधून आलेले.

या संग्राहकांच्या पद्धतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सुकवून कागदावर चिकटवलेल्या रोपाच्या चिठ्ठीवर त्याचं नाव असतं, जागा असते, तारीख असते. तिथं कमळ आणि लव्हाळा दोघांना सारखाच कागद मिळतो. शास्त्राच्या कुळांत, गणांत, जातींत ‘तण’ नावाचा रकानाच नाही. तण हे वनस्पतीचं कूळ नाही. ते तिचं आणि माणसाचं नातं आहे. आणि नातं जागेप्रमाणे, काळाप्रमाणे बदलतं.

फुलं म्हणून आली ती

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग तण असं काही नसतंच, सगळा नजरेचा खेळ आहे. तसं नाही. गोष्टीची दुसरी बाजू आता बघू.

तंजावरच्या कालव्यांत, तळ्यांत आज जांभळ्या फुलांची एक हिरवी चादर दिसते. तमिळमध्ये लोक तिला आगायत् तामरै, म्हणजे आकाशकमळ, म्हणतात. किती सुंदर नाव! आपण तिला जलपर्णी म्हणतो. कोल्हापूरचा रंकाळा आणि पुण्याची मुळा-मुठा तिच्यापायी बेजार झाली आहे. ही मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोभेचं फूल म्हणून ती बंगालमध्ये आली आणि 1936 साली तिच्याविरुद्ध बंगालला कायदा करावा लागला. तिच्या मायदेशी तिला खाणारे किडे आहेत. इथं ते तिच्याबरोबर आले नाहीत, म्हणून तिला अडवणारं कुणी नव्हतं. कालव्याचं तोंड ती बुजवते, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही, तुंबलेल्या पाण्यात मासे गुदमरतात.

दुसरं झुडूप बेशरम. फिकट जांभळी, भोंग्यासारखी फुलं. तोडून टाकलेली फांदीही चिखलात रुजते, म्हणून मराठीत हे नाव पडलं. तंजावरच्या पाटांच्या काठी तेही आहे. तिसरी घाणेरी. रंगीबेरंगी गुच्छांची ही झुडपं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेसाठी भारतात आणली गेली आणि आज तिनं जंगलंच्या जंगलं व्यापली आहेत. चौथी वेडी बाभूळ, तमिळमध्ये सीमै करुवेलम. ती फूल म्हणून आली नाही, जळणासाठी मुद्दाम आणून लावली. नावं बघा: बेशरम, घाणेरी, वेडी. ज्या गोष्टी आपणच आणल्या त्यांना आपण अशी नावं ठेवली.

वेडी बाभळीचा खटला तर खरोखर कोर्टात गेला. 2017 साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं ती काढून टाकण्याचे आदेश दिले. काही महिन्यांतच त्याला स्थगिती मिळाली, कारण आधी नीट अभ्यास व्हावा अशी बाजू पुढे आली. दुष्काळी रामनाथपुरम भागात हजारो गरीब घरं याच झाडाच्या कोळशावर जगतात. म्हणजे इथंही निकाल सरळ नाही. 2022 साली तमिळनाडू सरकारनं अशा आक्रमक वनस्पतींविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केलं.

यात एक घसरण टाळायला हवी. या वनस्पतींचा दोष त्या परदेशातून आल्या हा नाही. मिरची, टोमॅटो, बटाटा, भुईमूग हे सगळे त्याच अमेरिका खंडातून आले. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडूही तिकडचाच. आणि तंजावरमध्ये बसून बाहेरून आलेल्यांना नावं ठेवणं आपल्याला तर मुळीच शोभणार नाही. चोळांनंतर तिथं तेलुगू नायक आले, मग मराठे आले. त्या मराठ्यांनी तिथं तमिळमध्ये वैद्यक बांधून घेतलं, नाटकं लिहिली, संगीताला आश्रय दिला. कोण कुठून आला यापेक्षा आल्यावर त्यानं शेजाऱ्याला जगू दिलं का, हा प्रश्न महत्त्वाचा. माका भाताच्या बांधावर उगवतो आणि भातही पिकतो. जलपर्णी तळ्यात शिरली की तळ्यात दुसरं काही उरत नाही. गैरसोय आणि नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तण’ या एका शब्दात आपण दोन्ही कोंबल्या, तिथं घोळ झाला.

निकाल आता बाटली देते

शेवटी आजच्या शेताकडे. मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याची ठरलेली तारीख 12 जून. पाणी वेळेवर आलं तर लावणी वेळेवर होते. उशीर झाला, कमी आलं, तर शेतकरी कोरड्यात पेरतो. मघाशी सांगितलं तसं, पाणी हे जुनं तणनाशक. ते नसलं की तण भाताच्या बरोबरीनं उगवतं. निंदायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. मग फवारणी येते. या साखळीत शेतकऱ्याला दोष देण्यासारखं काही नाही. आणि निंदणाऱ्या बाईचं कष्टाचं आयुष्य फार छान होतं असंही मी म्हणणार नाही. दिवसभर चिखलात वाकून कमरेचा काटा ढिला होतो. त्या बायकांच्या मुलींना ते काम नको आहे, आणि ते योग्यच आहे.

पण काय सुटतंय तेवढं नीट बघून ठेवायला हवं. बाईच्या नजरेला खाचरात पंचवीस रोपं दिसत आणि ती पंचवीस निकाल देई: हे उपट, हे राहू दे, हे गाईला, हे बाळंतिणीला. बाटलीतल्या औषधाला दोनच गोष्टी कळतात: पीक आणि पीक नसलेलं. तो कलेक्टरचा हिशेब झाला, आता द्रवरूपात. फवारा बांधावर गेला की घोळ जाते, माका जातो, ब्राह्मी जाते. मग तीच पानं वाळवून, पूड करून, डबीत घालून शहरातल्या दुकानात परत येतात, आणि ज्या घरांच्या कालवणातून ती गेली त्यांना ती विकत घेणं परवडत नाही.

ज्ञानही असंच जातं. शरभेंद्र वैद्य मुरैगळ ग्रंथालयात सुरक्षित आहे. ते वाचून औषधाचं नाव कळेल. पण ते रोप शेतात कुठलं, कोवळं कसं दिसतं, त्याच्यासारखं दिसणारं विषारी कुठलं, हे सांगणारा माणूस बांधावर उरला नाही, तर पोथीतलं नाव नुसतं नाव राहतं.

तेव्हा मंडळी, तण आणि फूल यांतला फरक पाकळ्यांत नाही. एखाद्या रोपाला तण म्हणण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कुणासाठी? कुठे? आणि ते शेजाऱ्याला जगू देतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बदलत राहतात. तिसरं मात्र तळ्यात उतरून, मोजून, तपासून ठरवायचं असतं. तंजावरच्या बायका हे रोज करत होत्या. उपटणं आणि फेकून देणं ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामं होती.

तुमच्याकडे, मग तुम्ही नागपुरात असा, बेळगावात, इंदुरात, बडोद्यात किंवा खुद्द तंजावरात, बांधावरच्या कुठल्या पाल्याची भाजी होते आणि तिला काय म्हणतात, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. नाव लिहून ठेवा, आणि जमलं तर तिच्याबरोबर बांधावर जाऊन ते रोप बघून या.